एसडब्ल्यूआर १.४ दाखवून गळ्यात मारलेली केबल

"साहेब, मीटर काय खोटं बोलतो?" विक्रेत्याने काट्यावर बोट ठेवलं. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.४. १४५ मेगाहर्ट्झचा अँटेना आणि सेटपासून अँटेनापर्यंत न्यायची, वर 'लो लॉस' (कमी गळती) छापलेली लांबलचक कोॲक्स केबल, असा जोड मी तिथल्या तिथे घेतला. इतकी वर्षं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, म्हणवून घेतो, तरी काट्याला भुललो.

मग सुरू झाली रडकथा. २५ वॅट सोडतोय आणि समोरचा म्हणतो, आवाज खरखरीत येतोय. सेट उघडून पाहिला, माइक बदलला. शेवटी वैतागून ॲनालायझर (एसडब्ल्यूआर मोजायचं यंत्र) गच्चीवर नेला आणि थेट अँटेनाला जोडला. तिथे एसडब्ल्यूआर ३!

अँटेना केबलसारखाच ५० ओहमचा नसला की आलेल्या शक्तीचा काही भाग उलटा फिरतो. जाणारी आणि परतणारी लाट केबलमध्ये एकमेकींवर चढतात. काही ठिकाणी व्होल्टेज कायम फुगलेलं, काही ठिकाणी कायम दबलेलं. हीच स्टँडिंग वेव्ह. फुगलेल्या आणि दबलेल्या व्होल्टेजचं गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर. तो ३ असेल तर पाव शक्ती परत येते.

आता लबाडी बघा. माझ्या २५ वॅटपैकी वर पोचत होते जेमतेम ८. त्यातले २ परत फिरायचे आणि खाली येईपर्यंत त्यांचेही पाऊण वॅटच्या आत उरायचे. मीटर बिचारा खाली सेटजवळ. परत फारसं काही येतच नाही म्हटल्यावर तो १.४ दाखवणार नाही तर काय? केबलच सगळं गिळत होती. विक्रेत्याला हे ठाऊक असणारच. अँटेना वेगळा तपासू म्हटलं तेव्हा त्याने विषय बदलला होता.

घेण्याआधी एवढंच करायचं होतं: केबलचं दूरचं टोक मोकळं सोडून जवळच्या टोकाला ॲनालायझर लावायचा. (ट्रान्समीटर नको, त्याचा फायनल, म्हणजे शेवटचा शक्ती देणारा ट्रान्झिस्टर, उडेल.) मोकळ्या टोकावरून सगळं परत यायला हवं, म्हणजे चांगल्या केबलवर आकडा भरपूर मोठा दिसतो. माझ्या केबलवर दिसला २. याचा अर्थ नुसतं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातानाच दोन तृतीयांश शक्ती गडप.

ब्लेडने आवरण सोललं. जाळी इतकी विरळ की आतलं पांढरं प्लास्टिक दिसत होतं, आणि तारा ओल लागून काळ्या पडलेल्या. विक्रेत्याला फोन केला तर तो पुन्हा तेच, "तुमच्यासमोरच १.४ दाखवला ना?" पैसे बुडाले ते बुडालेच.

मित्राकडची चांगली केबल लावली. परतणारी शक्ती आता खालपर्यंत पोचू लागली, म्हणून खालचा मीटर १.४ वरून १.८ वर चढला, आणि त्याच संध्याकाळी समोरचा म्हणाला, आज एकदम स्वच्छ ऐकू येतंय.