कन्साइनमेंट सेलला मुलांच्या वस्तू दिल्या, दोनदा. विकणारीच्या बाजूने रिव्ह्यू

आधीच सांगते, खरेदीला जाणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये, म्हणजे त्यांनीही वाचावा पण मी लिहितेय ती माझ्यासारख्यांसाठी ज्यांच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, गॅलरीत सगळीकडे मुलांच्या लहान झालेल्या वस्तू कोंबून ठेवलेल्या आहेत आणि टाकवत पण नाहीत. मोठा सहा वर्षांचा, धाकटी तीनची, त्यामुळे झबल्या-टोपड्यांपासून प्रॅमपर्यंत सगळा संसार साठला होता. सेलचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कन्साइनमेंट म्हणजे ते तुमच्याकडून वस्तू विकत घेत नाहीत. वस्तू तुमचीच राहते, किंमत तुम्हीच लावायची, ते फक्त मोठ्या हॉलमध्ये मांडतात, विकली गेली तर त्यांचं कमिशन कापून उरलेलं तुम्हाला देतात आणि नाही विकली तर घरी घेऊन या नाहीतर दान करा. आमच्याकडे मला ६५ टक्के, त्यांना ३५. सेलमध्ये एक ड्युटी केली की ७० टक्के मिळतात, वर सगळ्यांच्या आधी खरेदी करायला सोडतात. नोंदणीची फी वेगळी, ती वस्तू विकल्या नाही तरी परत मिळत नाही.

तर पहिल्या सीझनला मी तीन मोठ्या बॅगा भरून १४० वस्तू घेऊन गेले, एकदम तोऱ्यात, सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं. तिथे आत जायच्या आधी एक तपासणीचं टेबल असतं. टेबलवर एक दिवा, पांढरा स्वच्छ उजेड, आणि पलीकडे एक शांत बाई. तिने माझा पहिलाच ड्रेस उचलला, दिव्याखाली धरला, गळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ताई, हे बघा." गळ्याभोवती पिवळट नकाशा. मी म्हणलं अहो हे मी स्वतः धुऊन ठेवलंय. ती म्हणे, "धुतलंच असणार, म्हणून तर आत्ता दिसतंय." मला तेव्हा ते टोमण्यासारखं वाटलं पण ती बरोबर होती. दुधाचे, फॉर्म्युलाचे डाग धुतल्यावर गेल्यासारखे वाटतात, पण त्यातलं थोडं प्रोटीन आणि फॅट कापडात राहतं आणि बंद बॅगेत महिनोन्‌महिने पडून हळूहळू पिवळं होतं. म्हणजे आपण पॅक करताना कपडा स्वच्छच असतो, खोटं कोणीच बोलत नसतं.

१४० पैकी ३१ वस्तू परत. एकतीस! गाडीत बसून मी नवऱ्याला फोन करून त्या बाईला बरंच काही बोलले. आता दोन सीझननंतर माझं मत असं आहे की अख्ख्या सेलमध्ये सगळ्यात चांगली गोष्ट कुठली असेल तर ते टेबल, बाकी सगळं ठीकठाक.

डागांचं आधी सांगून टाकते कारण सगळ्यात जास्त वस्तू त्यावरूनच परत येतात. एन्झाइमवाली डिटर्जंट पावडर कोमट पाण्यात, उकळतं नाही, आणि रात्रभर भिजत ठेवायचं. तरी राहिलं तर ऑक्सिजन ब्लीच, तेही रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर लावून बघून. डाग पूर्ण गेला याची खात्री होईपर्यंत ड्रायर नाही आणि इस्त्री तर अजिबात नाही, उष्णतेने डाग पक्का बसतो, मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं, प्रेमाने इस्त्री करून डाग पक्के केले. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांना एन्झाइम पावडर लावू नका, ते धागेच प्रोटीनचे असतात, डागाबरोबर कपडा पण खराब होतो. आणि पॅक करताना नाही, सेलच्या आदल्या आठवड्यात खिडकीशी दिवसाच्या उजेडात परत एकदा बघा. रात्री ट्यूबलाइटखाली बघितलेलं धरू नका.

आता जे लिहायला मला जरा जड जातंय ते. माझ्या यादीतली सगळ्यात महाग वस्तू होती कार सीट. वहिनीकडून आलेली, धाकटीने वापरलेली, कव्हर काढून धुतलं होतं, दिसायला नवीकोरी. त्या बाईने ती उचलली सुद्धा नाही, नुसती उलटी केली आणि मागच्या प्लॅस्टिकवर कोरलेली तारीख मला वाचायला लावली. कार सीटला एक्स्पायरी असते हे मला माहीतच नव्हतं! साधारण सहा ते दहा वर्षं, कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे वेगळी, आणि ती सीटच्या मागे किंवा बुडाला लिहिलेली असते. माझ्या सीटची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं, म्हणजे माझी मुलगी जवळजवळ वर्षभर मुदत संपलेल्या सीटमध्ये बसून फिरली आणि मला पत्ता नाही. मी तिथे वाद घालायला तोंड उघडलं होतं ते तसंच बंद केलं. वरून ती म्हणाली की तारीख बाकी असती तरी आम्ही घेतली नसती, सीट अपघातातून गेलीय की नाही हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. मोठा अपघात झाला की सीट बदलायचीच असते, बाहेरून तडा दिसो न दिसो. मग तिने सांगितलं की कचऱ्यात टाकण्याआधी पट्टे कापा, नाहीतर कोणीतरी उचलून वापरेल. घरी येऊन कापले.

तेव्हापासून निवडताना मी आधी हे वेगळं काढते, किंमत-बिंमत नंतर. एक बाजू खाली सरकणारे पाळणे, म्हणजे ते जुने क्रिब ज्यांचा कठडा खाली करून बाळ उचलता यायचं, ते अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकायला बंद आहेत, नवेही आणि जुनेही, कारण कठडा निसटून बाळं फटीत अडकून गेलीयत. क्रिबच्या दांड्यांमधली फट साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, घरी मोजायची सोपी युक्ती म्हणजे सोड्याचा कॅन आरपार जायला नको. तिरपे झोपवायचे बेबी स्लीपर पण नाहीत, फिशर-प्राइसचे रॉक 'एन प्ले एप्रिल २०१९ मध्ये परत मागवले होते, जवळजवळ ४७ लाख नग, आणि २०२२ च्या कायद्याने तिकडे १० अंशांपेक्षा जास्त उताराचे स्लीपर आणि क्रिबच्या आतून लावायचे गादीसारखे बंपर दोन्ही बंद झाले. बंपर तर मी किती हौसेने घेतले होते, मॅचिंग. आपण जिथे राहतो तिथे कायदा काय म्हणतो ते म्हणू दे, दुसऱ्याच्या बाळाच्या अंगावरून पैसे कमवायचे नाहीत एवढं मला त्या टेबलवर कळलं. खेळणी आणि फर्निचरचा मॉडेल नंबर टाकून रिकॉल झालंय का, म्हणजे कंपनीने परत मागवलंय का, हे दोन मिनिटांत शोधता येतं, मी आता मोबाइल घेऊनच निवडायला बसते.

हूडची आणि गळ्याची ओढायची दोरी काढून टाका, घसरगुंडीत किंवा दारात अडकते. बटण सेलवाल्या, म्हणजे छोट्या गोल चपट्या बॅटरीच्या, खेळण्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं यादीतून बाद. टबमध्ये पाणी उडवायची रबरी बदकं कधीच देऊ नका, एक कापून बघा आतून काय निघतं ते, मी कापलं, काळी बुरशी, आणि आमची दोघं ते तोंडात घालायची.

काय विकलं जातं याबद्दल माझा अंदाज पूर्ण चुकला होता. मला वाटलं नवजात बाळाचे कपडे पटापट जातील कारण एकदम नव्यासारखे असतात, बाळ तीन आठवड्यांत त्यातून बाहेर येतं. पण नेमकं म्हणूनच ते सगळ्यांकडे असतात, हॉलमध्ये तीन स्टँड भरून, कोणी बघत नाही. उलट चार वर्षांच्या पुढचे कपडे, विशेषतः पँट, पहिल्या दोन तासांत संपतात कारण त्या वयात गुडघे फाटायच्या आत पँट लहान झालीय असं पोर शोधून सापडत नाही. थंडीचं जॅकेट, रेनकोट, सायकल, पूर्ण सेटमधले ब्लॉक्स, पुस्तकांचा गठ्ठा, हे जातं. सॉफ्ट टॉईज जात नाहीत, घरी परत येतात, डोळे वटारून बघत बसतात. सुटे टीशर्ट पण जात नाहीत पण तेच टीशर्ट पँटबरोबर सेट करून लावले की जातात, हे मला दुसऱ्या सीझनला समजलं.

तयारीत वेळ कुठे घालवायचा? हँगरमध्ये. गंमत वाटेल पण आकडा डावीकडे वळलेला पाहिजे, समोरून बघितल्यावर प्रश्नचिन्हासारखा दिसला पाहिजे, नाहीतर स्टँडवर सगळं उलटसुलट अडकतं आणि ते लोक स्वतः वळवत बसत नाहीत, सरळ बाजूला ठेवतात. टॅग जाड कागदाचा, सेफ्टी पिनने, शिवणीतून किंवा कपड्याच्या लेबलमधून टोचायचा, नाजूक कापडातून टोचला की भोक राहतं. टाचणी चालत नाही, स्टेपलर नाही. पँट हँगरला वरून पिन करायची, नाहीतर घसरून जमिनीवर, आणि जमिनीवर पडलेली पँट कोणी विकत घेत नाही. बुटाची जोडी झिप टायने एकत्र, पण घालून बघता येईल इतकी सैल. वेल्क्रोमधले केस-धागे जुन्या टूथब्रशने काढा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण बूट एकदम वेगळा दिसतो. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यात चालू बॅटरी घालूनच द्या, घेणारा तिथेच बटण दाबून बघतो, आवाज आला नाही की खाली ठेवतो.

कोडं, म्हणजे जिगसॉ, पूर्ण जोडून पुठ्ठ्यावर ठेवून वरून क्लिंग रॅप, म्हणजे सगळे तुकडे आहेत हे दिसतं. मी पहिल्यांदा झिपलॉकमध्ये घालून दिलं होतं, कोणीतरी पिशवी उघडली, चार तुकडे गायब, न विकता घरी आलं आणि आता ते आम्हालाही उपयोगाचं नाही. झिपलॉक दिली तर वरून रुंद चिकटपट्टी मारा, कात्रीशिवाय उघडता येणार नाही अशी.

किंमत लावताना नव्याच्या पाव ते तिसरा हिस्सा यात बसवा, क्वचित सायकल-स्ट्रोलरला अर्धी. मी धाकटीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकला निम्म्याहून जास्त लावली होती, नणंद टॅग बघून म्हणाली, "वहिनी, आठवणींचे पैसे कोण देणार?" तीन दिवस तो फ्रॉक हॉलमध्ये लटकला, रोज जाऊन बघून आले. शेवटी घरी.

आता तक्रारी. टॅग करताना प्रत्येक वस्तूला शेवटच्या दिवशी अर्ध्या किमतीत द्यायची का आणि उरली तर दान करायची का असे दोन प्रश्न असतात, आणि दोन्हीकडे आधीच 'हो' भरलेलं असतं. मला ते दिसलंच नाही, लाकडी रेल्वेचा अख्खा सेट आधी अर्ध्यावर गेला असता तरी चाललं असतं, तो तर सरळ दानात गेला. दान गेलं त्याचं दुःख नाही पण विचारून जायला हवं होतं ना. मेल केला तर नियम वाचा असं एका ओळीचं उत्तर. पैसे दोन आठवड्यांत देतो म्हणाले, आले तेवीस दिवसांनी. उरलेल्या वस्तू परत न्यायला फक्त दोन तास, तेही वर्किंग डेला दुपारी, नोकरी करणाऱ्याने काय करायचं ते देवच जाणे. आणि बुटांचं टेबल पहिल्या दिवशी दुपारनंतर उकिरडा होतो, कोणी आवरत नाही.

वेळेचा हिशोब ज्यांना हवा असेल त्यांना, पहिल्या सीझनला मला साधारण २२ तास लागले आणि १०९ पैकी ५८ वस्तू गेल्या. दुसऱ्यांदा मी फक्त ७० नेल्या, ९ तास, एक परत आली, शिवण उसवलेली माझ्या नजरेतून सुटली होती, आणि ५५ गेल्या. पैसे जवळजवळ तेवढेच.

पाचपैकी साडेतीन स्टार. पूर्ण एक स्टार पैशांच्या उशिराबद्दल आणि त्या भरून ठेवलेल्या 'हो' बद्दल कापला, अर्धा बुटांच्या टेबलसाठी. तपासणीला वेगळे द्यायची सोय असती तर पाच दिले असते. तिसऱ्या सीझनला ड्युटी मागितलीय, त्याच टेबलवर, त्या बाईंच्या शेजारी, मिळाली पण. दिवा मात्र घरचा नेणारे, त्यांचा मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी उडाला होता आणि दुपारभर त्या एकेक कपडा उचलून खिडकीशी जाऊन बघत होत्या.