डीजीटी ३००० घड्याळ : सात सेकंद उरले होते तेव्हा

आमच्या सांगलीच्या बुद्धिबळ क्लबात हे डिजिटल घड्याळ येऊन तीन महिने झाले, पण लिहावंसं वाटलं ते परवाच्या रविवारच्या डावानंतर.

मागच्या वर्षी एका स्पर्धेत चावीच्या घड्याळावर खेळत होते. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती, डाव जिंकलेला, आणि माझा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपून डाव हातचा गेला. कसं जिंकायचं ते येत होतं, वेळच उरला नव्हता. फार लागलं ते मनाला.

परवा समोर काका होते. बँकेतून निवृत्त, काळ्यांनी कारो-कान ही सुरुवात सोडून काही खेळत नाहीत. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर खेळीला १० सेकंद जादा. पटावरचे वजीर गेले, घोडे गेले, आणि एका खेळीवर मी चार मिनिटं घालवली. शेवटी माझा राजा जी-८ या घरात, प्यादं जी-७ वर, हत्ती एफ-१ वर. काकांचा राजा ई-७ वर, हत्ती एच-२ वर. माझ्याकडे सात सेकंद.

हत्ती ई-१, शह. काकांचा राजा डी-७. मग माझा हत्ती ई-४. आता मी राजा बाहेर काढला की काका मागून शह देत राहणार, आणि माझा राजा जी-५ वर पोचला की तो शह अडवायला माझा हत्ती जी-४ वर आडवा येणार. यालाच लुसेनाचा पूल म्हणतात. प्रत्येक खेळीनंतर घड्याळाची कळ दाबली की दहा सेकंद जमा होत होते. आकडे एवढे ठळक आहेत की मान न वळवता दिसत होते. प्यादं वजीर झालं तेव्हा माझ्याकडे ४१ सेकंद होते.

कळ एका बाजूला दाबली की दुसरी बाजू वर येते, त्यामुळे खेळी कोणाची ते चार टेबलांवरूनही कळतं. ज्या हाताने खेळी त्याच हाताने कळ, हा नियम मात्र घड्याळ शिकवत नाही, तो मुलांना आपणच लावायचा. साध्या घड्याळांच्या मानाने महाग आहे. घरी सरावापुरतं हवं असेल तर मोबाईलवर भागेल. क्लबाने मात्र वर्गणी काढून घ्यावंच, असं मी मनापासून सांगेन.

डाव संपल्यावर काकांनी मधलं बटण दाबून घड्याळ थांबवलं आणि सोंगट्या परत जागेवर मांडल्या. म्हणाले, "हत्ती ई-४ वरच का, ते परत एकदा दाखव बरं." साडेबारापर्यंत तेच करत बसलो.