भिडूसाठी ठेवायचं पान: कोणतं डेकमध्ये घ्यावं, कोणतं सोडावं

मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला भिडूला पान देणं शिकवावं लागत नाही. भिडूचा एक्का पडला, हात त्याचाच होणार हे दिसलं, की आपली दश्शी मुकाट्याने त्या हातावर जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे अंगवळणीच पडलेलं असतं. सहकारी पत्त्यांच्या खेळात मात्र हीच सवय महाग पडू शकते. मेंढीकोटात तेरा पानं आणि तेरा हात असतात, त्यामुळे दर हाताला एक पान जाणारच. भिडूला दिलं म्हणून जास्तीचं काही जात नाही. ‘अर्कहॅम हॉरर: द कार्ड गेम’सारख्या खेळात पान, रिसोर्स (पान मांडायचे पैसे) आणि ॲक्शन (वळणातली एक कृती) असं तीन बाजूंनी मोजावं लागतं, आणि ते मोजून भिडूला नेमकं काय मिळालं हे बहुतेक टेबलांवर कुणी पाहतच नाही.

ही तुलना दोघांच्या जोडीसाठी आहे. एकजण रोलंड बँक्स घेणार, दुसरा डेझी वॉकर. पहिली मोहीम ‘नाइट ऑफ द झेलट’, अडचणीची पातळी स्टँडर्ड. रोलंड लढवय्या: कॉम्बॅट (लढण्याचं बळ) ४, विलपॉवर (मनोबळ) ३, हेल्थ ९, पण सॅनिटी फक्त ५. शरीराला लागणारा मार म्हणजे डॅमेज, तो हेल्थ खातो; मनाला बसणारा धक्का म्हणजे हॉरर, तो सॅनिटी खातो. डेझी अभ्यासू: इंटलेक्ट (बुद्धी) ५, कॉम्बॅट २, हेल्थ ५ आणि सॅनिटी ९. तीस पानांच्या डेकमध्ये भिडूला बळ देणारी पानं किती आणि कोणती ठेवायची, हा प्रश्न.

मोजमापासाठी एक ढोबळ हिशेब धरू. एका ॲक्शनमध्ये एक पान ओढता येतं किंवा एक रिसोर्स घेता येतो. म्हणून एक पान, एक रिसोर्स आणि एक ॲक्शन यांची किंमत सारखीच, प्रत्येकी १. हा हिशेब अगदी काटेकोर नाही, पण पानं एकमेकांशेजारी ठेवून बघायला पुरतो.

आधी पिशवी

प्रत्येक टेस्टला, म्हणजे कसोटीला, पिशवीतून एक टोकन काढून त्याचा आकडा आपल्या बळात मिळवायचा; बेरीज टेस्टच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की यश. या पातळीवर टोकनच्या पिशवीत १६ टोकन असतात: +१ एक, ० दोन, −१ तीन, −२ दोन, −३ एक, −४ एक, कवटी दोन, कल्टिस्ट एक, टॅब्लेट एक, हमखास अपयशाचं एक आणि एल्डर साइन (खास शुभ चिन्ह, इथे शून्य धरलेलं) एक. पहिल्या प्रसंगात कल्टिस्ट −१ आणि टॅब्लेट −२. कवटीचा आकडा तुमच्या जागेवर जितके घूल (प्रेतं खाणारे राक्षस) असतील तितका उणे. समोर एक घूल आहे असं धरलं तर यश असं येतं: तुमचं बळ टेस्टच्या आकड्याइतकंच असेल तर १६ पैकी ४ टोकनांवर, एकने जास्त असेल तर १० वर, दोनने जास्त असेल तर १३ वर, तीनने १४, चारने १५. त्यापुढे कितीही बळ वाढवा, हमखास अपयशाचं टोकन पिशवीत आहेच.

सगळी तुलना या आकड्यांवर उभी आहे. पहिल्या एका अंकाने सहा टोकन आपल्या बाजूला येतात, दुसऱ्याने तीन, तिसऱ्या-चौथ्याने एकेक. म्हणजे मदतीचं मोल पानावर छापलेलं नसतं, भिडू किती अडलाय त्यावर ते ठरतं.

अनएक्स्पेक्टेड करेज

याच्यावर दोन वाइल्ड चिन्हं आहेत, त्यामुळे कुठल्याही टेस्टला +२. रिसोर्स नाही, ॲक्शन नाही, किंमत फक्त ते पान: १. दुसऱ्याच्या टेस्टला तुम्ही एकच पान लावू शकता आणि तेही दोघं एकाच जागेवर असाल तरच. शिवाय हे पान एका टेस्टला एकदाच लागतं, दोघांनी मिळून दोन प्रती लावता येत नाहीत.

हे कुठे वापरायचं ते एका उदाहरणाने बघू. मिथॉस फेजमध्ये (फेरीतला संकटाचं पान ओढायचा टप्पा) रोलंडने ‘रॉटिंग रिमेन्स’ ओढलं: विलपॉवर ३ ची टेस्ट, जितक्याने नापास तितका हॉरर. रोलंडचं बळही ३. जागेवर घूल नाही असं धरू, म्हणजे कवट्या शून्य. मदत नसेल तर तीन −१ मिळून ३ हॉरर, कल्टिस्टचे २ (एक नापास झाल्याचा, एक त्याचा स्वतःचा), दोन −२ मिळून ४, टॅब्लेटचे २, −३ चे ३. −४ आलं तरी बळ शून्याखाली जात नाही, म्हणून ३ च, आणि हमखास अपयशाचेही ३. बेरीज २०, भागिले १६, म्हणजे सरासरी सव्वा हॉरर. डेझीने हे पान लावलं की उरतात −३ चा १, −४ चे २ आणि अपयशाचे ३: सहा भागिले सोळा, ०.३७५. एका पानाने जवळजवळ ०.९ हॉरर वाचला, आणि तोही ज्याची सॅनिटी ५ आहे त्याचा.

चुकीची जागाही लक्षात ठेवा. रोलंडच्या हातात त्याची .३८ स्पेशल बंदूक आहे, शेजारी बीट कॉप (साथीदार पोलिसाचं पान, त्याबद्दल पुढे) उभा आहे, समोर घूल प्रीस्ट, ज्याचा फाइट (त्याच्याशी लढायच्या टेस्टचा आकडा) ४. जागेवर क्लू (पुरावा) नसेल तर रोलंडचं बळ ४+१+१, म्हणजे सहा. दोनने जास्त, १३ टोकनांवर यश. इथे डेझीने उत्साहाने हे पान टाकलं तर १५ होतात. दोन टोकनांसाठी पान गेलं. तेच रोलंड रिकाम्या हाती त्याच प्रीस्टपुढे असता तर ४ चे १३ झाले असते. मेंढीकोटवाल्यांची हमखास चूक हीच: जिंकत असलेल्या हातावर दश्शी टाकायची सवय. इथे हरत असलेल्या हातावर टाकायची.

दोघांच्याही डेकमध्ये दोन-दोन प्रती घ्या. यावर वाद घालण्यासारखं फारसं काही नाही.

डॉज आणि फर्स्ट एड

या दोन पानांत निवड करताना बहुतेक नवे खेळाडू फर्स्ट एड उचलतात, कारण भिडूला बरं करणं डोळ्यांना दिसतं. हिशेब वेगळं सांगतो.

फर्स्ट एड: पान १, मांडायची ॲक्शन १, रिसोर्स २, मग पानावरचे तीन सप्लाय (औषधाचा साठा) वापरायला तीन ॲक्शन. एकूण ७ मोजून ३ अंक बरे होतात, डॅमेज किंवा हॉरर. एका अंकाला सव्वादोनहून जास्त. शिवाय जोडीत हे पान फक्त रोलंडच घेऊ शकतो, डेझीला गार्डियन, म्हणजे लढवय्यांच्या, वर्गाची पानं मिळत नाहीत. म्हणजे एकुलता एक लढणारा माणूस आपल्या तीन ॲक्शन पट्टी बांधण्यात घालवणार. त्यात तो एखाद्या शत्रूशी भिडलेला असेल तर आणखी पंचाईत: फाइट (लढणं), इव्हेड (निसटणं), पार्ली (बोलणी) आणि रिझाइन (माघार) सोडून दुसरी कोणतीही ॲक्शन घेतली की भिडलेला शत्रू फुकटचा वार करतो. एक अंक बरा करायला गेलं आणि दोन खाल्ले, असं सहज होतं.

डॉज: पान १, रिसोर्स १, ॲक्शन नाही. तुमच्या जागेवरच्या कोणावरही शत्रूने वार केला की तो वार रद्द. घूल प्रीस्टचा एक वार म्हणजे २ डॅमेज आणि २ हॉरर. २ मोजून ४ वाचले. वरच्या फुकटच्या वारावरही हे चालतं, आणि प्रीस्टवरचा हल्ला फसल्यावर तो जो उलटा वार करतो त्यावरही.

डॉजचे दोष दोन. रोलंडने कायम एक रिसोर्स बाजूला ठेवला पाहिजे, नाहीतर पान हातात असून उपयोग नाही. दुसरं म्हणजे ते चिल्लर वारावर खर्च होतं. स्वॉर्म ऑफ रॅट्सचा वार १ डॅमेजचा. त्यावर डॉज टाकू नये, अपवाद एकच: डेझीचं हेल्थ एकावर आलेलं असताना. साधा नियम ठेवा: डॅमेज आणि हॉरर मिळून तीन किंवा जास्त असेल, किंवा भिडू त्याच वाराने बाद होणार असेल, तरच.

दोन डॉज घ्या, फर्स्ट एड सोडा. रोलंड एकटाच खेळत असेल तरी हेच.

बीट कॉप: नावाला साथीदार, पण कोणाचा?

किंमत मोठी: पान १, ॲक्शन १, रिसोर्स ४, एकूण ६. मोबदल्यात कॉम्बॅट +१ कायमचं. वरच्या आकड्यांत बघा, बरोबरीच्या झुंजीत हे एकच बळ ४ चे १० करतं, आणि दर वेळी करतं. त्याचं स्वतःचं हेल्थ २ आणि सॅनिटी २. डॅमेज आणि हॉरर एकदमच वाटले जातात, म्हणून ताज्या बीट कॉपवर प्रीस्टचा अख्खा वार टाकता येतो. रोलंडला ओरखडाही नाही.

पण डेझीला लागणारा मार बीट कॉप घेऊ शकत नाही. ज्याच्या ताब्यात पान त्याचाच मार. पोलीस शेजारी उभा आहे म्हणून डेझी बिनधास्त पुढे गेली की अडकली. पानं इंग्रजीत, टेबलावर एकजण मराठीत अर्थ सांगतोय, दुसरा कन्नडमध्ये, अशा वेळी ‘कोणाला’ आणि ‘त्याच जागेवर’ या दोन अटी सांगण्यात हटकून गळतात. त्या प्रत्येक वेळी मोठ्याने वाचाव्यात.

डेझीला तो मदत करतो ती दुसऱ्या वाटेने. त्याला टाकून दिलं की जागेवरच्या कोणत्याही शत्रूला टेस्टशिवाय १ डॅमेज. हे वरवर फार मोठं वाटत नाही. पण भिडूला भिडलेल्या शत्रूवर तुम्ही हल्ला केलात आणि तो फसला, तर तुमच्या हल्ल्याचा डॅमेज भिडूलाच लागतो. .३८ स्पेशलने फसला तर दोन, आणि डेझीचं हेल्थ पाचच. अशा वेळी उंदरांचा थवा डेझीच्या अंगावर असताना बीट कॉप टाकणं हाच सुरक्षित मार्ग. त्याने आधी १ डॅमेज आणि १ हॉरर झेललेला असेल तर आणखी बरं, म्हणजे त्याच्याकडून दोन्ही कामं झाली. मात्र वार येऊन पडायच्या आत त्याला टाकायला हवं. मार त्याच्यावर वाटून झाला आणि तो गेला, की हा डॅमेज देता येत नाही.

सुरुवातीला रिसोर्स पाच. पहिल्या फेरीत बंदूक (३), मग अपकीपचा (फेरीअखेर आपोआप मिळणारा) एक आणि एका ॲक्शनचा एक धरून दुसऱ्या फेरीत बीट कॉप. उलट क्रमानेही दुसऱ्या फेरीतच दोन्ही मांडून होतात, पण बंदूक आधी बरी, कारण ती बळासोबत डॅमेजही वाढवते. अनुभवाचे दोन गुण खर्चून मिळणारा बीट कॉप टाकून द्यावा लागत नाही, स्वतः एक डॅमेज घेऊन शत्रूला एक देतो. पहिली खरेदी म्हणून तो चांगलाच.

डेझीची पुस्तकं

डेझीला दर वळणाला एक जादा ॲक्शन मिळते, पण फक्त पुस्तकांसाठी. ‘मेडिकल टेक्स्ट्स’ आणि ‘ओल्ड बुक ऑफ लोर’ दोन्ही याच एका ॲक्शनवर डोळा ठेवून असतात, म्हणून दोन्ही मांडली तरी फुकटात दर वळणाला एकच चालतं.

मेडिकल टेक्स्ट्स: इंटलेक्ट २ ची टेस्ट, यश आलं तर भिडूचा १ डॅमेज बरा, नापास झाला तर भिडूला १ डॅमेज. डेझी तीनने वर, म्हणजे १४ विरुद्ध २, निव्वळ पाऊण अंक दर वेळी. हेच पान रोलंडही घेऊ शकतो; त्याचं इंटलेक्ट ३, म्हणजे १० विरुद्ध ६, निव्वळ पाव अंक. त्याने हात लावू नये. डेझीच्या हातातही मोठी अडचण अशी की हे हॉरर बरा करत नाही, आणि रोलंड बाद होतो तो बहुतेकदा हॉररने.

ओल्ड बुक ऑफ लोर मांडायला पान आणि ॲक्शन धरून ५ पडतात. मग दर वळणाला त्याच जागेवरचा कोणीही आपल्या डेकची वरची तीन पानं बघून एक हातात घेतो. भिडू लांब असेल तर डेझी स्वतःसाठी वापरते, म्हणून हे पान कधी पडून राहत नाही. फसतं ते एकाच ठिकाणी: रोलंडकडे रिसोर्स नसताना त्याला पानांमागून पानं देत राहणं. त्याला आधी विचारा, मांडायला पैसे आहेत का. नसतील तर पुस्तक स्वतःकडे वळवा. दोघांत निवडायचं तर ओल्ड बुक, निःसंशय.

चौघं बसणार असाल तर

तिघे भिडू एकेक पान लावू शकतात म्हणून मदत वाढते असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात चौघं पांगतात: कुणी ॲटिकमध्ये (माळ्यावर), कुणी सेलरमध्ये (तळघरात), आणि या दोन जागी पाय ठेवताच अनुक्रमे १ हॉरर आणि १ डॅमेज. मदतीला धावत जायलाही किंमत पडते. म्हणून चौघांत जोड्या ठरवून खेळा, आणि ‘त्याच जागेवर’ची अट असलेली पानं दर डेकमध्ये चार-पाचपेक्षा जास्त नकोत. मिथॉसमध्ये प्रत्येकजण एकेक पान ओढतो, शत्रू वाढतात, म्हणून डॉज तेवढं अजिबात कमी करू नका.

विकत घेताना पेटीवरचं साल बघा. २०१६ ची मूळ पेटी एका-दोघांपुरती होती, चौघांना दोन लागत. २०२१ ची सुधारित पेटी एक ते चार जणांना पुरते. पानांचं माप ६३.५ × ८८ मिलिमीटर, त्या मापाचे स्लीव्ह सोबतच मागवा. खानापुराकडच्या पावसाळ्यात उघडी पानं वाकतात, वाकलेलं पान पिसताना ओळखू येतं, आणि कुंदा खाल्लेल्या बोटांचं तर विचारूच नका.