फ्लूची लस: आंब्यांच्या दिवसांत की दिवाळीच्या तोंडावर?

माझी नणंद न्यू जर्सीत असते. सप्टेंबर संपत आला की तिचा मेसेज येतोच: "वहिनी, पोरांचे फ्लू शॉट झाले का?" तिकडे फ्लू थंडीत येतो, म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत लस उरकून घ्या असं सांगतात. मुंबईत त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, साधारण जुलै ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी लाट येते. तिचं वेळापत्रक विक्रोळीत जसंच्या तसं चालवलं, तर मोठी लाट ओसरल्यावर लस टोचली जाते.

म्हणून पावसाआधीची लस मला जास्त पटते. अडचण आहे ती हिशेबाची. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे. त्यानंतर अंगात ताकद यायला आणखी दोनेक आठवडे. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून, शाळाही त्याच सुमारास सुरू होतात. उलटं मोजत गेलं तर पहिला डोस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पडतो आणि दुसरा मेअखेरीस. नेमके तेव्हा आपण कोकणात आंबे खात असतो! दुसरा डोस बुडतो तो इथेच. गावी जायची तिकिटं काढतानाच तारीख ठरवली तर जमतं. पुढच्या वर्षापासून एकच डोस पुरतो, मग एवढी कसरत नाही.

ऑक्टोबरची लसही फुकट जात नाही. दिवाळीच्या धुरानंतर मुंबईची हवा बिघडते, डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी असतात, वर्गात एक खोकला की दहा खोकतात. (लस फक्त फ्लूवर चालते. धुराच्या खोकल्यावर नाही आणि साध्या सर्दीवरही नाही.) पहिलाच डोस राहिला असेल तर मेची वाट बघू नये, आत्ताच घ्यावी. पण महिने जातील तसा तिचा जोर कमी होतो, पुढच्या जुलैपर्यंत तो बराच उतरलेला असतो. पुढचा डोस पावसाळ्याआधी घेता येईल का, हे तेव्हाच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

"नवीन स्टॉक आलाय" हे ऐकून मात्र घाई नको. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते फेब्रुवारीत सांगते, दक्षिण गोलार्धाच्या लसीत कोणते ते सप्टेंबरात. कधी दोन्हींतले विषाणू सारखे असतात, कधी एखादा वेगळा. मेमध्ये लस घेतलेल्या धडधाकट मुलाला तेवढ्यासाठी ऑक्टोबरात पुन्हा टोचायची गरज नाही. खोक्यावर गोलार्ध, वर्ष आणि मुदत छापलेली असते, ती वाचावी. लस फ्लूच्या तीन प्रकारांवरची की चार, यातही जीव अडकवू नये. चौथा प्रकार, बी-यामागाता, मार्च 2020 नंतर दिसलेलाच नाही.

नाकातला फवारा सुई बघून घर डोक्यावर घेणाऱ्यांना बरा वाटतो. पण त्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, दोन वर्षांच्या आत तो देत नाहीत आणि दम्याच्या मुलांना टाळतात. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्यातून फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादी रात्र अंग कोमट लागतं, तेवढंच.

खर्च खिशातूनच करावा लागतो, कारण ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) लस मात्र महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. बाळाचा त्यातला डोस चुकला असेल तर आधी तो पुरा करावा. फ्लूची लस त्याच दिवशीही देता येते.

बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना दरवर्षी ही लस द्यावी असं सांगते. त्यापुढे दमा, हृदयविकार असलेल्यांना. आमची धाकटी तीन वर्षांची, पाऊस पडला की छातीतून शिट्टी वाजते. तिच्याबाबतीत विचार करण्यासारखं काही नव्हतं. थोरला आठ वर्षांचा, ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, दिलीच पाहिजे असं नाही. पण दोघं एकाच ताटात जेवतात, एकाच चादरीत झोपतात. त्यालाही दिली.

यंदा नणंदेला मी मेअखेरीसच कळवलं, "झाले." तिला वाटलं, मी मागच्या वर्षीचं सांगतेय.