आरेनीच्या डोंगरातली लाल वाइन : झोराहची ‘कारासी’

निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे वाइनची बाटली हातात आली की माझे पहिले प्रश्न बागेविषयीचेच असतात : जमीन कोणती, खुंट (ज्या मुळावर वेलीचे कलम करतात तो) कोणता आणि छाटणी कधीची. आर्मेनियाच्या दक्षिणेकडील वायोत्स झोर या डोंगराळ प्रांतातील ‘झोराह’ या छोट्या वाइनरीच्या ‘कारासी’ या लाल वाइनने या तीनही प्रश्नांची उत्तरे पेल्यातच दिली, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आर्मेनिया म्हटले की जाणकारांना ब्रँडी आठवते, आणि त्याला कारण आहे. सोव्हिएत काळात वाइनचे काम मुख्यतः शेजारच्या जॉर्जियाकडे आणि ब्रँडीचे आर्मेनियाकडे अशी विभागणी झाली, आणि त्यामुळे येथील द्राक्षांतील मोठा वाटा भट्टीकडे गेला. वास्तविक वाइनरीचा याहून जुना पत्ता आजवर सापडलेला नाही. वायोत्स झोरमधल्याच आरेनी गावाजवळच्या एका गुहेत २००७ पासून उत्खनन झाले आणि तेथे सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीचा वाइन गाळण्याचा संपूर्ण संच मिळाला. पायांनी द्राक्षे तुडवण्यासाठी मातीने लिंपलेले उथळ आळे, त्यातून रस उतरावा म्हणून खाली पुरलेले भांडे, आणि जवळच वाळलेल्या बिया, साली व देठ असा तो ऐवज आहे. याच गुहेतून निघालेला, वादी ओवलेला आणि गवत भरून ठेवलेला साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामडी जोडा राजधानी येरेवानच्या संग्रहालयात पाहताना मला आमच्या बागेतील गड्यांच्या वहाणा आठवल्या, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

झोरिक घारिबियान हे इराणात जन्मलेले आणि इटलीत वाढलेले आर्मेनियन गृहस्थ. फॅशनच्या व्यवसायात असताना ते पूर्वजांच्या देशात आले आणि त्यांनी रिंद गावाजवळ, सुमारे १,४०० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर, खडकाळ आणि ओसाड जमिनीत बाग लावली. लावणीसाठी परदेशी जात न आणता त्यांनी ‘आरेनी’ हीच स्थानिक काळी जात निवडली. पहिली वाइन २०१० च्या पिकाची. ती बाजारात आली त्याच वर्षी, २०१२ मध्ये, ब्लूमबर्ग या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या वाइन समीक्षकांनी वर्षातील उत्कृष्ट दहा वाइनमध्ये तिची गणना केली.

बागायतदाराच्या दृष्टीने येथील खरी दौलत जमिनीखाली आहे. आपल्याकडे खारवट पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून डॉगरीज या जातीच्या खुंटावर कलम करतात. युरोपात मुळे पोखरणाऱ्या फायलोक्झेरा या किडीमुळे अमेरिकन खुंटाशिवाय बहुतेक ठिकाणी गत्यंतर राहिले नाही. वायोत्स झोरच्या या बागेत मात्र वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. शिवाय आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून वेलीकडून पीक घेतो, कारण आपल्या हवेत ती कधी गाढ झोपत नाही. तेथे बर्फाचा हिवाळा वेलीला सक्तीची विश्रांती देतो, आणि उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन व रात्री डोंगराचा गारवा असा मोठा फरक राहतो. मण्यांत साखर भरत असताना आंबटपणा टिकून राहतो तो या गार रात्रींमुळे, आणि आरेनीची जाड साल ही तफावत सहज पेलते.

‘कारासी’ या नावाचा अर्थच ‘करसमधली’ असा आहे. करस म्हणजे आर्मेनियातील मोठा मातीचा रांजण, जो जमिनीत पुरून त्यात वाइन मुरवतात. घारिबियान यांनी गावोगावच्या घरांतून जुने करस मिळवले. रसाचे आंबवण काँक्रीटच्या टाक्यांत आणि बागेतल्याच नैसर्गिक यीस्टवर होते आणि पुढचे मुरवण मुख्यतः या रांजणांत होते. मातीच्या भिंतीतून हवा अगदी बेताने आत येते, त्यामुळे टॅनिनचा, म्हणजे साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा मऊ होतो, पण नव्या ओकच्या पिंपाप्रमाणे व्हॅनिला आणि भाजल्या लाकडाचा वास वाइनला चिकटत नाही.

मी येरेवानमधून २०१९ च्या पिकाच्या दोन बाटल्या आणल्या आणि त्यांतली एक नाशिकला घरी उघडली. आपल्या हवेत लाल वाइन कपाटातून काढून थेट ओतणे योग्य नाही. पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून ती सुमारे सोळा अंशांवर आणली. रंग गडद शाईसारखा नसून कोकमाच्या आगळासारखा पारदर्शक लाल आहे, आणि पेल्यामागे धरलेले बोट त्यातून दिसते. पहिल्या दहा मिनिटांत वास आखडलेला वाटला. नंतर आंबट चेरी, डाळिंबाची साल, काळी मिरी आणि वाळल्या रानपाल्याचा वास एकामागून एक वर आला, आणि त्यांच्या तळाशी पहिल्या पावसानंतर ओल्या मुरमाला येतो तसा गंध होता. चवीत गोडवा जवळजवळ नाही. पिकत आलेल्या करवंदाचा आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी आणतो, टॅनिन बारीक दळलेल्या पिठासारखे सर्वत्र पसरते आणि घोट गिळल्यावरही मिरीचा ऊबदारपणा बराच वेळ मागे राहतो. जाड, गोडसर आणि लाकडाच्या वासाची लाल वाइन आवडणाऱ्यांना ही सडपातळ वाटेल. माझ्या मते तिचा मोठेपणा या सडपातळपणातच आहे, कारण फळ आणि जमीन यांच्यामध्ये येथे काहीही आडवे आलेले नाही.

जेवणाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. तिखटाने टॅनिनचा तुरटपणा वाढतो. पहिल्या दिवशी नेहमीच्या तिखटाच्या मटण रश्श्याबरोबर घेतलेला घोट कडवट लागला. त्याच मटणाचे कमी तिखटाचे, मिरी आणि खोबऱ्यावर परतलेले सुके केल्यावर मात्र दोघांचे छान जमले. येरेवानमध्ये निखाऱ्यावर भाजलेल्या खोरोवात्स या मांसाबरोबर ती घेतली होती, आणि तेथे मांसासोबत वांगी, टोमॅटोही भाजतात, हे आठवून चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत केले. भाजल्या सालीचा धुरकट वास आणि आरेनीचा रानपाला यांची जोडी मला सर्वांत आवडली. भरल्या वांग्यातील दाण्याच्या कुटाने मात्र वाइन अगदी झाकून टाकली.

रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर याच द्राक्षाची घरगुती वाइन शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटल्यांत फार स्वस्त मिळते. एका टपरीवरची मी घेतली, ती उन्हात राहून सिरक्याकडे झुकलेली होती. कारासीसाठी त्या मानाने बरेच अधिक पैसे मोजावे लागतात, आणि माझ्या दृष्टीने ते योग्य आहेत. परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निश्चिंतपणे बसतात. एक लगेच उघडावी आणि त्यातली निम्मी बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. माझ्याकडे दुसऱ्या संध्याकाळी करवंदाचा आंबटपणा मऊ झाला होता आणि ओल्या मुरमाचा तो गंध पहिल्या दिवसापेक्षा अधिक स्वच्छ येत होता. दुसरी बाटली घरातील सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवली आहे, ती पुढच्या फळछाटणीनंतर वडिलांबरोबर उघडणार आहे.