लिथियम कार्बोनेट, ३०० मिलिग्रॅम : रेखाटनांवर पोट असलेल्या चित्रकर्तीचा अभिप्राय

औषधाचे परीक्षण मिक्सर किंवा मोबाइलसारखे करता येत नाही, हे मान्य. कोणाला कोणती गोळी द्यायची ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात. तरीही बायपोलर विकाराचे, म्हणजे मन कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणाऱ्या आजाराचे, निदान झालेल्या लेखक-चित्रकारांना लिथियम सुरू करताना जी धास्ती वाटते, तिचे उत्तर रक्ताच्या अहवालात सापडत नाही. गोळीने आजारासोबत हातातली कलाही गेली तर? मुलांची पुस्तके आणि दिवाळी अंक यांसाठी शाईने रेखाटने करणे हा माझा व्यवसाय असून गेली काही वर्षे मी ही गोळी घेत आहे, आणि हा अभिप्राय त्या कामापुरताच आहे.

ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरील लिथियमचा परिणाम १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक औषधे आली, पण आजार पुन्हा उलटू नये म्हणून दीर्घकाळ द्यायच्या औषधांत लिथियम अजून पहिल्या रांगेत आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबतही त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. कलेच्या प्रश्नावर डेन्मार्कचे मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स स्काऊ यांनी १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १२ जणांनी काम वाढल्याचे सांगितले, ६ जणांना फरक जाणवला नाही आणि ६ जणांचे काम घटले. नमुना लहान आहे आणि माहिती कलावंतांनी स्वतःच दिलेली आहे, हे खरे. पण घटलेले ६ जण मला महत्त्वाचे वाटतात, कारण ‘काहीच बिघडत नाही’ असे सरसकट आश्वासन देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

माझा अनुभव पहिल्या गटाच्या जवळ जाणारा आहे. उन्मादाच्या चढत्या दिवसांत मुखपृष्ठाच्या कल्पना एकीवर एक सुचतात, झोप नकोशी होते आणि प्रत्येक कच्चे रेखाटन अजोड वाटते. मात्र त्यातले शाईपर्यंत पोहोचते ते थोडेच. संगीतकार रॉबर्ट शूमान यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्यांच्या आजाराच्या नेमक्या निदानावर मतभेद असले, तरी १८४० आणि १८४९ ही त्यांची अतिशय भरघोस वर्षे होती. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइसबर्ग यांनी १९९४ मध्ये त्यांच्या रचना तपासल्या, तेव्हा अशा वर्षांत संख्या वाढलेली दिसली, पण दर्जा वाढल्याचे दिसले नाही. गोळी सुरू झाल्यावर माझ्याही कल्पनांची संख्या घटली. सुरुवातीचे काही महिने तर सगळेच बेचव वाटत होते, आणि याच टप्प्यावर गोळी परस्पर सोडून देण्याचा मोह अनेकांना होतो. पुढे मात्र हाती घेतलेले पान पूर्ण होऊ लागले, आणि गणपतीच्या आसपास सगळ्याच अंकांची चित्रे एकदम मागितली जातात तेव्हा संपादकाला हेच हवे असते.

खरी तक्रार हाताच्या कंपाची आहे. हा कंप बारीक असतो आणि चहाचा कप धरताना इतरांच्या लक्षातही येत नाही. पण निबने चिमणीच्या डोळ्याभोवतीचे वर्तुळ काढताना रेषा करवतीच्या पात्यासारखी दातेरी होते. डॉक्टरांना पानच दाखवावे, कारण ‘हात थोडा थरथरतो’ एवढ्या सांगण्यातून कामाचे नुकसान कळत नाही. रक्तातील लिथियमची पातळी पाहून ते मात्रा बदलतात, सावकाश विरघळणारी गोळी देतात किंवा काही वेळा कंप कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध जोडतात. माझ्यापुरता सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय मात्र कलेतलाच निघाला. चित्र छपाईच्या दुप्पट आकारात काढायचे; लहान करून छापले की कंपही निम्मा होतो. लांब रेषांसाठी निबऐवजी कुंचला घेतला, तर जाडी मुळातच कमी-जास्त होत असल्याने थरथर त्यात खपून जाते.

सोबतच्या अटी जाचक आहेत आणि दुकानदार त्या सांगेलच असे नाही. शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी पातळीच्या तपासणीसाठी रक्त द्यायचे, म्हणजे रात्री ९ ची गोळी असेल तर सकाळी ९ ला, आणि तोवर सकाळची गोळी घ्यायची नाही. दीर्घकालीन उपचारात प्रति लिटर ०.६ ते ०.८ मिलिमोल ही पातळी बहुधा पुरते, ती १.५ च्या वर गेल्यास विषबाधेची भीती असते. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की पातळी चढते, म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवास, जुलाब किंवा विदर्भातला मे महिना यांपैकी काहीही हलक्यात घेऊ नये. मनगट दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची आमच्या व्यवसायातली सवयही सोडावी लागते, कारण त्यांनीही पातळी चढते. उलट्या, अडखळती जीभ, झोकांड्या किंवा हाताला अचानक मोठा कंप सुरू झाला, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या साधारणपणे दर सहा महिन्यांनी कराव्या लागतात, आणि गरोदरपणाचा विचार असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलावे.

गोळी स्वस्त आहे. खरा खर्च तपासण्यांचा आणि सल्ल्याच्या शुल्काचा होतो. पाचपैकी चार तारे देते. खरेदी करताना पाकिटावरचा प्रकार वाचून घ्यावा, कारण साधी आणि सावकाश विरघळणारी गोळी एकीच्या जागी दुसरी चालत नाही.