पायांच्या रक्ताभिसरणाची ट्रेडमिलवरची तपासणी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

जळगावात मेहरूण तलावाच्या काठाने फिरताना माझी डावी पोटरी भरून यायची आणि जागीच थोडे उभे राहिले की मोकळी व्हायची. मणक्याच्या दुखण्यात बहुधा बसावे किंवा पुढे वाकावे लागते, म्हणून डॉक्टरांचा संशय पायाच्या रोहिणीवर गेला. मात्र झोपवून मोजल्यावर घोट्याचा रक्तदाब १३४ आणि दंडाचा १४० भरला, म्हणजे गुणोत्तर ०.९६. ते ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास रोहिणी अरुंद समजतात; त्या हिशेबाने मी जवळजवळ निर्दोष सुटलो होतो.

मग घोट्याला पट्टे बांधूनच ट्रेडमिलवर चढवले. वेग ताशी ३.२ किलोमीटर, चढ १२ टक्के आणि मर्यादा ५ मिनिटांची. मला मध्येच थांबावे लागले. लगेच आडवे करून तंत्रज्ञाने पावलावर जेल लावून डॉपलरची (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारी) कांडी टेकवली, तेव्हा आधी खणखणीत ऐकू येणारा ठोका अगदी पुसट झाला होता. घोट्याचा दाब ८२ वर आला. ३० पेक्षा अधिक घट दोष दाखवते. विश्रांतीत स्नायूंना रक्त थोडेच लागत असल्याने अरुंद रोहिणीही वेळ निभावून नेते, चालताना मात्र तिचे पितळ उघडे पडते.

औषधांबरोबर विडी बंद झाली (घरच्यांना याचाच आनंद अधिक) आणि आठवड्यातून ३ दिवस चालण्याचा व्यायाम सुरू झाला : पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे. मे महिन्यात जळगावच्या उन्हामुळे हे सारे पहाटेच उरकावे लागले.

फेरतपासणीत विश्रांतीचे गुणोत्तर ०.९७ निघाले, म्हणजे जवळपास तेवढेच. पण या वेळी पाचही मिनिटे पूर्ण झाली आणि दाब पूर्वीपेक्षा लवकर पूर्वपदावर आला. रोहिणी होती तशीच राहूनही स्नायू मिळेल त्या रक्तात अधिक काम करू लागतात, त्यामुळे केवळ गुणोत्तर पाहणाऱ्याची निराशाच होईल.

तक्रार एकच : पहिल्या अहवालात दुखणे कितव्या मिनिटाला सुरू झाले याची नोंदच नव्हती. ती आग्रहाने लिहून घ्यावी आणि फेरतपासणी त्याच वेगावर, त्याच चढावर करावी. मधुमेहींच्या कडक झालेल्या रोहिण्यांमुळे गुणोत्तर १.४० च्या वर जाऊन फसवते. त्यांनी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजण्याविषयी विचारावे. छातीत दुखत असेल किंवा पायाला जखम असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे.